दोन बोटं सैल

बाबांनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. त्यामुळे हॉस्पिटलने दिलेला बनियन त्यांना पहिल्या दिवसापासूनच सहन झाला नाही. काखेत काचतो म्हणाले.

बनियन साधा नव्हता. त्याच्या छातीवर चंदेरी धाग्याची पट्टी विणलेली होती. दुकानातल्या कपड्यांना चोरी पकडणारी चिप असते ना, तिचा हा जास्त शिकलेला भाऊ. बॅटरी नाही, वायर नाही. श्वासाबरोबर पट्टी ताणली जायची आणि कॉटखालचा डबा रेडिओलहरी सोडून तिच्याकडून बातमी काढायचा. आकडा थेट सिस्टरच्या पडद्यावर. तो तीन दिवस हिरवा राहिला की बाबा घरी.

दोन दिवस राहिला. तिसऱ्या दिवशी लाल. बाबा पेपर वाचत सरकारला शिव्या घालत होते, म्हणजे तब्येत उत्तम होती. पडद्यावर मात्र त्यांचा श्वास निम्म्यावर आला होता.

"बाबा, काय केलंत?"

"कुठे काय? शिवणीत आत दोन बोटं माया होती, जादा कापड, ती सोडली. एवढी घट्ट शिवण मारतं का कोणी?"

सुईदोरा त्यांनी चष्म्याच्या डबीतून आणला होता. बाकीचे लोक हॉस्पिटलात कवळी नेतात.

मी सिस्टरना गाठलं. "श्वास ठीक आहे हो, बनियन सैल झालाय."

त्यांनी बनियन उलटासुलटा करून पाहिला. "कुठे उसवलाय? दाखवा."

मला दिसेना. डॉक्टर आले, त्यांनाही दिसेना. कंपनीची शिवण जशीच्या तशी.

"दिसली असती तर मी शिंपी कसला?" बाबा खूश होऊन म्हणाले.

"काका, हात छान आहे तुमचा," डॉक्टर म्हणाले, "पण मला आकड्यावरच जावं लागतं. संध्याकाळच्या राऊंडपर्यंत असाच राहिला, तर खाली आयसीयूत हलवून श्वासासाठी घशात नळी घालू." या मापाचा दुसरा बनियन सोमवारी येणार होता. सुई सिस्टरनी जप्त केली.

शेजारच्या कॉटवरचे मास्तर परवा नळीसाठी खाली गेले, ते परत वर आलेच नव्हते. त्यांची चादर बदलून झाली होती.

बाबांनी त्या चादरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "सैल कपडा अंगाला बसवायचा कसा, माहितीये? छाती फुगवायची. ट्रायलला सगळी गिऱ्हाइकं तेच करतात. तू तिकडे पडदा बघ."

मी दारात उभा राहिलो. बाबा फुगले. हिरवा. जरा सैलावले की लाल. मी लांबूनच हाताने खुणा करत होतो, ओढा, अजून ओढा. चार वाजता त्यांच्या कपाळावर घाम आला. पाच वाजता ओठांचा रंग बदलला.

"थांबता का जरा?" मी जवळ जाऊन विचारलं.

"राऊंड झाली?"

"नाही अजून."

"मग जा तिकडे." मधे दोनदा थांबून त्यांनी वाक्य पुरं केलं, "आता खरंच... दम लागलाय... रे."

मी धावत सिस्टरकडे गेलो. त्यांनी पडद्याकडे बोट केलं. आकडा हिरवागार होता.

"बघा," त्या म्हणाल्या, "उगाच घाबरत होतात."