माझ्यात तारीख नाही

मी पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, एक जुनी प्रत बोलतेय. माझी मधली पानं अजून करकरीत आहेत, शेवटचं पुस्तक मात्र हाताळून हाताळून काळं पडलंय. सात डोक्यांचं श्वापद, कर्णे, आगीचा पाऊस, सगळं त्यात आहे. माणसांना तेच आवडतं. शत्रूला क्षमा करायला सांगणारी पानं फारशी कुणी उघडली नाहीत.

छापखान्यातून निघाले ती एका सुताराच्या घरी आले. घरात त्याची मुलगी आणि थोरली बहीण. बहिणीने एकतीस वर्षं दारोदार टपाल वाटलेलं.

एका उन्हाळ्यात प्रार्थनामंदिरात नवा उपदेशक आला. त्याने श्वापदाची शिंगं मोजली, वर्षांनी गुणली आणि जगाचा शेवट येत्या ऑक्टोबरात असल्याचं जाहीर केलं. सुताराला ते पटलं. लाल पेन्सिलीने तो माझ्या समासात बेरजा करू लागला. मला असा राग आला! त्याने हातातली कपाटांची कामं परत केली. मुलीला परिचारिकेच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला, तर म्हणाला, "तीन वर्षं शिकणार? आपल्याकडे चार महिने आहेत."

मुलगी त्या दिवशी जेवली नाही. आत्याने चष्मा लावला आणि ते शेवटचं पुस्तक पहिल्या ओळीपासून वाचून काढलं. रविवारी मला काखोटीला मारून ती मंदिरात गेली आणि उपदेश ऐन रंगात असताना उभी राहिली.

"हे पत्र आहे," ती म्हणाली. "सात गावांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांना लिहिलेलं. त्यांच्यावर जुलूम होत होता. पत्र ज्याच्या नावाचं, त्याला आधी कळायला हवं. तुमचा ऑक्टोबर त्यांच्या काय कामाचा?"

मग श्वापद खोटं का, असं उपदेशकाने विचारलं. आत्या म्हणाली, खोटं कशाला असेल? व्यंगचित्रात मंत्र्याचा लांडगा काढला, तर आपण त्याच्या शेपटीचे केस मोजत बसत नाही. लांडगा कोण, ते बरोबर ओळखतो. दृष्टान्तांचं लिखाण असंच वाचायचं, आणि त्या लोकांना ते वाचता येत होतं.

"बाई, खाली बसा."

"बसते, एवढं बोलून. शेवट येणार म्हणून पोरींना घरात कोंडा, असं यात कुठेही नाही. टिकून राहा, असं आहे."

कुणी मान डोलावली नाही. तिला शास्त्रवाचनाच्या पाळीतून काढलं. भावाने अबोला धरला. तरी सोमवारी ती भाचीला शिक्षणाला धाडायला बसस्टँडवर गेली. मी भाचीच्या बॅगेत होते.

ऑक्टोबर आला तसा गेला. उपदेशकाने नवी तारीख काढली, असं आत्याच्या पत्रातून कळलं. सुताराने पुन्हा रंधा हातात घेतला. बहिणीची माफी त्याने मागितली नाही; तिच्या खोलीच्या दाराच्या निखळलेल्या बिजागऱ्या तेवढ्या बदलून दिल्या.

आज मुलगी रुग्णालयात नोकरी करते आणि मी तिच्या उशाशी असते. माझी पाठ उसवलीय. मध्यंतरी ती त्या लाल बेरजा खोडायला बसली होती, पण कागद फाटू लागला, तशी थांबली. राहू देत. चुकीचं गणितही कुणीतरी बघायला हवं.

तुम्हीही मला उघडा, जरूर उघडा. कविता कवितेसारखी वाचा, पत्र पत्रासारखं. पण भेदरलेल्यांना धीर द्यायला लिहिलेले शब्द घेऊन कुणाला भेदरवायला निघालात, तर माझ्याकडून एकही आकडा मिळणार नाही. पानं फाडलीत तरी नाही.