दोन घटका पाणी

“नाथाजी, माझ्या शेवटच्या सात सऱ्या कोरड्या ठाक हायत. चार तास म्हंजी किती रं तुझ्यात?”

धोंडुबाई पंपघराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी. पाणी सोडणाऱ्या नाथाजीनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. साडेबारा. सकाळी आठला त्यानंच तिच्या पाटाची फळी उघडली, मग पुढं फुटलेला पाट लिंपत बसला. परत आला तर घड्याळात बारा. लगेच पाणी वळवलं पाणीसंस्थेच्या चेअरमन आप्पासोंच्या उसात. मग चुकलं कुठं?

बहात्तरच्या दुष्काळानंतर कृष्णाकाठावर पंप बसला, त्याच्याबरोबर हे घड्याळ आलं. ते इतकं मागं, की त्यात बघून लग्नाला निघालेलं विट्याचं वऱ्हाड थेट बारशाला पोचलं म्हणतात.

“अठ्ठेचाळीस मिनटं मागं हुतं,” काखेत ट्रान्झिस्टर धरून आप्पासो म्हणाले. “अकराला रेडिओ लावून काटं सरळ केलं मी. तू पाटावर हुतास.”

नाथाजीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. “आवं आप्पासो, मग धोंडुकाकूला तीन तास बारा मिनटंच मिळाली की!”

“वहीत काय लिवलंस? आठ ते बारा. चार तास. झालं!”

“आठ जुन्या घड्याळाचं, बारा नव्या!”

“एकच घड्याळ हाय गड्या. रेडिओ खोटा म्हणतोस व्हय?”

“रेडिओ खरा, घड्याळबी खरं. पर तुमी काटं ढकललं, पाणी न्हाई ढकललं!”

नाथाजीनं भिंतीवर कोळशानं रेघा मारून दाखवल्या. आप्पासोंनी त्या कौतुकानं पाहिल्या आणि भिंत खराब केली म्हणून खडसावलं. बाकी सगळ्यांचे तास भरले होते. आखडले ते एकट्या धोंडुबाईचे. पुढची पाळी बारा दिवसांनी.

“तवर वाळंल की रं समदं,” ती एवढंच म्हणाली.

चार ते सहा नाथाजीच्या स्वतःच्या दहा गुंठ्यांची पाळी होती. जोश्यांच्या घरून त्यानं लग्नात मुहूर्त मोजायची घटिका मागून आणली: बुडाला भोक असलेली तांब्याची वाटी. पाण्यावर सोडली की एका घटकेत, म्हणजे चोवीस मिनिटांनी, बुडते. दोन वेळा बुडाली, की अठ्ठेचाळीस. तिला काटे नाहीत, म्हणून चेअरमनही नाही.

चारला त्यानं आपली फळी बंदच ठेवली, धोंडुबाईची उघडली आणि घमेल्यात वाटी सोडली. एकदा बुडाली. पुन्हा सोडली. दुसऱ्यांदा अर्धी भरली, आणि वीज गेली. पंप घरघरून थांबला, पाट मुका झाला.

नाथाजीनं वाटी अलगद उचलली आणि बुडाच्या भोकावर अंगठा दाबला.

“तुझी पाळी सरंल की रं,” बांधावरून धोंडुबाई म्हणाली. “सोड आता.”

“तुमचं हितं हाय, काकू,” वाटीकडं बघत तो म्हणाला.

पंपघरात घड्याळ टकटक करत सहाकडं चाललं होतं. नाथाजी बांधावर उकिडवा बसून होता. अंगठ्याला रग लागली, तरी थेंब सांडला नाही.