कलती मान

शिंपीणबाई माझ्यासमोर येऊन बसल्या तेव्हा महिनाभरापासून त्यांना एकाचे दोन दिसत होते, एक वर, एक खाली. शिवण तर बंदच, जिना उतरतानाही जीव मुठीत. दोन्ही डोळ्यांची जोडी नीट चालते का, हे तपासणं माझं, म्हणजे ऑर्थोप्टिस्टचं काम. नोकरीला आठ महिने झालेले, आणि विभागात मी एकटीच.

मेंदूचा स्कॅन स्वच्छ होता. तरी त्यांनी विचारलं, "गाठबीठ नाही ना? खरं सांगा हं."

माझ्याकडे तपासणीचे आकडे होते, पण त्यांतून कारण सापडत नव्हतं. आमची संघटना प्रत्येक नवख्याला एक अनुभवी माणूस जोडून देते. माझ्या वाट्याला पस्तीस वर्षं हेच काम केलेल्या मॅडम आल्या होत्या. बाईंना विचारून मी त्यांना फोन लावला.

"आकडे राहू देत," त्या म्हणाल्या. "मान कशी धरतात?"

मी पाहिलं. डावीकडे कललेली. तासभर समोर होती, आणि मला दिसली नव्हती!

"जुने फोटो मागव."

दुसऱ्या दिवशी बाईंचे यजमान पिशवीभर फोटो घेऊन आले. लग्नातला, बाळाला कडेवर घेतलेला, शाळेतला. शाळेच्या फोटोत तीस डोकी सरळ, एकच कललेलं.

"आई ओरडायची," बाई हसल्या, "मान सरळ ठेव, फोटोवाला काय खातो का तुला!"

मी तो फोटो खिडकीपाशी नेऊन पुन्हा पाहिला. जन्मापासून एका डोळ्याचा एक स्नायू दुबळा. सहा वर्षांच्या पोरीला कुणी शिकवलं नव्हतं, तरी तिच्या देहाने मान कलवून दोन चित्रं एकावर एक बसवली होती. आणि जागेपणीचा प्रत्येक क्षण, पन्नास वर्षं, तिला कळूही न देता ती तशीच धरून ठेवली होती. आता तो देह थकला होता, इतकंच. डोळ्यांच्या डॉक्टरांनीही तपासून तेच सांगितलं: दोष जुनाच, गाठबीठ काही नाही.

मी त्यांच्या डोळ्यासमोर दोन चित्रं जुळवणारी प्रिझमची काच धरली. खिडकीचे गज, नळ, यजमानांचा चष्मा, सगळं सावकाश पाहून बाईंची नजर माझ्यावर आली.

"अगंबाई, एवढीशी आहेस होय तू! दोघी मिळून चांगल्या थोराड दिसत होतात."

संध्याकाळी मॅडमना कळवलं.

"बाईंची हरकत नसेल तर संघटनेच्या पुढच्या बैठकीत दाखव सगळ्यांना," त्या म्हणाल्या. "अशा माना मी कितीतरी पाहिल्यात गं. पण शाळेतला फोटो हातात आला, की अजूनही हात जोडावेसे वाटतात."