रमलीचा पहिला कच्चा घास

बाळांनो, जरा डोळे मिटा. तुमच्यापुढे खजुराच्या फांद्यांचं कुंपण आहे असं समजा. आत एक कुत्रा बसलाय. लांब पाय, खपाटीला गेलेलं पोट, वाळूच्या रंगाचं अंग. तो भुंकत नाही, रडत नाही. नुसता तुमच्याकडे बघतो, कारण आजवर त्याला तुम्हीच जेवायला घातलंय. आणि आज तुमचे हात रिकामे आहेत.

दिसला? मग आता डोळे उघडा. त्या कुंपणापाशी उभी होती ती महबूबा.

वाळवंटाच्या काठावरच्या दूझ गावातल्या महबूबाला हा स्लूगी जातीचा शिकारी कुत्रा तिच्या बाबांनी आणून दिला होता. बाबा दूर समुद्रकाठी हॉटेलात नोकरीला. तिथल्या एका डॉक्टरांच्या घरी पिल्लू पिशवीतलं कोरडं खाणं खाऊन वाढलं होतं. महबूबाने त्याचं नाव रमली ठेवलं. बाबा येताना खाण्याची पिशवी आणत, रमली कुडुमकुडुम दाणे चावत बसे, आणि सगळं बरं चाललं होतं. मग बलगासेमकाकांच्या मनात आलं की थंडीतल्या जत्रेत त्याला सशामागे पळवायचं.

काका बाबांचे थोरले भाऊ. बाबा नसले की घरात त्यांचाच शब्द चाले.

“हा स्लूगी आहे की सासरी आलेली नवरी? बिस्किटं कुरतडतोय,” असं म्हणून त्यांनी पिशवी कोंबड्यांपुढे उलटी केली. आजपासून कच्चं मांस, दुसरं काही नाही. महबूबाने विनवलं, हळूहळू बदलू या, रोज मांस थोडं वाढवू, दाणे थोडे कमी करू. काकांनी तिला पुरतं बोलूही दिलं नाही.

“ईदपर्यंत कच्चं खाल्लं तर ठेवतो. नाही तर गाडीत घालून वाळूत सोडून येतो. तिथे बसेल खजुराची झाडं मोजत.”

ते आतल्या वाळवंटाबद्दल बोलत होते. तिथे खजुराचं झाड नाही आणि पाणीही नाही.

रमलीला कुंपणात कोंडलं. काकांनी पुढ्यात शेळीच्या चरबीचा तुकडा टाकला. त्याने हुंगला, तोंड फिरवलं. काकांचे मित्र पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी तोच तुकडा, माश्या बसलेला. महबूबाने खाटकाकडून उंटाच्या मांसाची कापं मागून आणली. रमलीने तिचे हात चाटले, मांस तसंच ठेवलं. मग तिने कोंबड्यांच्या पायांखालून वेचलेले दाणे कुटून त्या मांसावर भुरभुरवले. त्याने भुकटी तेवढी चाटून घेतली. बरगड्या वर येऊ लागल्या.

काकांनी तिला दाणे कुटताना पकडलं. रागावले नाहीत. कुंपणाला टेकून म्हणाले, “कुट, कुट. त्याला वाटतंय आज ना उद्या दाणे मिळतील, म्हणून तो मांसाला तोंड लावत नाही. मी नाही त्याला उपाशी मारत, पोरी. तू मारतेयस.”

यातलं खरं किती आणि खोटं किती, ते तिला कळेना. पण तिने कुटायचं बंद केलं.

ईदचा दिवस उजाडला. बाबांना सुट्टी मिळाली नाही. काकांनी अंगणात मेंढा कापला. सगळ्यात आधी कलेजी बाहेर काढली, उजेडात उलटसुलट केली, बोटांनी दाबून दाबून पाहिली. स्वच्छ, गुळगुळीत, तांबूस. दुपारी शेगडीवर भाजायची म्हणून तुकडे करून ताटात ठेवली, आणि ते ताट स्वतःच्या मांडीपाशी ओढून घेतलं. मग फुप्फुसं काढली. त्यांच्यावर पाण्याने भरलेले पांढरे फुगे होते, द्राक्षाएवढे.

“हे आपल्याला नको,” म्हणत काकांनी कुंपणाचं दार उघडलं. “चल रे, साहेब. तुझी ईद.”

फुप्फुस वाळूत पडलं. आणि इतके दिवस मांसाकडे न बघणारा रमली उठला. पाय थरथरत होते. तो सरळ फुप्फुसाकडे आला.

महबूबा आईकडे बघत होती. आई शेगडी पेटवत होती, आणि तिचा एक हात नकळत बरगडीखाली गेला होता. तिथे लांबलचक व्रण होता. लहानपणी आई कुत्र्याच्या कुशीत झोपायची. पुढे तिच्या यकृतात पाण्याची गाठ वाढली, पोट फाडून काढावी लागली. काका म्हणत, नजर लागली होती. शाळेतल्या बाईंनी मात्र फळ्यावर चित्र काढून सांगितलं होतं की हे फुगे कुत्र्याने खाल्ले की त्याच्या पोटात बारीक जंत होतात. त्यांची अंडी त्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, केसांना लागतात, आणि त्याला कुरवाळणाऱ्या पोरांच्या पोटात जातात; तिथे मग अशीच पाण्याची गाठ वाढते.

रमलीने ते खाल्लं तर तो वाचणार होता. न खाल्लं तर वाळू.

महबूबाने झेप घेऊन फुप्फुस ओढलं. रमलीने दात आधीच रोवले होते. तो गुरगुरला, असं तो कधीच गुरगुरला नव्हता, आणि तिच्या तळहाताला चावला. खोल.

काका परत ताटापाशी बसले आणि खुशीत मांडीवर थाप मारून हसले. “आता झाला शिकारी.”

“ह्याने कुत्र्याला काही होत नाही, काका,” महबूबा म्हणाली. “आईला झालं होतं.”

आईने मान वर केली नाही. काकांचं हसू मात्र तिथेच थांबलं. “सोड ते. खाऊ दे त्याला. नाही तर आजच गाडी काढतो.”

तिने ते फुप्फुस शेगडीत निखाऱ्यांवर टाकलं, दुसरंही त्याच्यावर टाकलं. फुगे फटफट फुटले. मग वळली, काकांच्या मांडीपाशी वाकली, कलेजीचं ताट उचललं आणि रमलीपुढे मांडलं. त्याच चावलेल्या हाताने एकेक तुकडा ती त्याच्या तोंडापाशी धरत गेली. रक्त तिचं होतं की मेंढ्याचं, सांगता येत नव्हतं. रमलीने पहिला तुकडा गिळला, मग दुसरा, मग ताटही चाटून साफ केलं.

महबूबाने रिकामं ताट उचलून काकांच्या मांडीवर ठेवलं.

“कच्चं खाल्लं त्याने,” ती म्हणाली, आणि हात धुवायला गेली.