पोस्टपोन लिही

पत्र इंग्रजीत आहे हे दिसलं, तेव्हाच कुंदाला कळलं. लग्न ठरल्यापासूनच्या सहा महिन्यांत हेमचंद्रची आलेली सगळी पत्रं मराठीत होती आणि तिच्या नावे होती. हे अण्णांच्या नावे होतं, टाइप केलेलं. शहाऐंशी सालचा मे महिना. लग्न अकरा दिवसांवर आलेलं.

अण्णा मोरिवलीच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. मालाच्या पावत्यांपुरतं इंग्रजी त्यांना येई, त्यापुढचं सगळं शाळेत इंग्रजी शिकवणारी कुंदा वाचून दाखवी. तेव्हा स्वतःचं मोडलेलं लग्नही तिनेच वाचून दाखवलं. आठवीला धडा शिकवावा तसं, एकेक वाक्य आधी इंग्रजीत, मग मराठीत.

"बॅक आउट म्हणजे?"

"शब्द देऊन मागे फिरणं."

"आणि कारण?"

"कारण नाही लिहिलं."

माई डाळ निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत. तीच डाळ तिने तिसऱ्यांदा निवडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी पोस्टातून तारेचे सात फॉर्म आणले. साताऱ्याची, नागपूरची मंडळी निघायच्या आत त्यांना कळवायला हवं होतं.

"लिही. मॅरेज पोस्टपोन्ड."

"अण्णा, पोस्टपोन म्हणजे पुढे ढकललं. त्यांनी तर मोडलंय."

"तेवढं कळतं मला. पण मोडलं म्हटलं की लोक मुलीत खोट शोधतात. पुढे ढकललं म्हटलं, की सुतक आलं असेल म्हणून गप्प बसतात. पोस्टपोन लिही."

कुंदाला बदलापूरची मावसबहीण आठवली, नीलिमाताई. तिचं लग्नही चार वर्षांपूर्वी असंच पुढे ढकललं होतं. दर दिवाळीला कुणीतरी विचारी, तारीख निघाली का? दुसरं स्थळ कुणी सुचवलं नाही. लोकांच्या लेखी ती ठरलेलीच होती. शालू ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांत. आणि हल्ली नीलिमाताई स्वतःच सांगू लागली होती, यंदा निघेल म्हणून.

"माझी नीलिमाताई नका करू, अण्णा," कुंदा म्हणाली. आवाज चढला नाही. रडूही येईना.

अण्णांनी फॉर्म तिच्याकडे सरकवले. "पोस्टात तूच जा. माझ्याच्यानं पुन्हा त्या खिडकीशी उभं राहवणार नाही."

पोस्टात उभ्या उभ्या तिने सातही फॉर्मवर 'कॅन्सल्ड' लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं. लग्नसराईचे दिवस, तारबाबूने वर न बघताच विचारलं, "लग्नाची तार ना? यादीतली छापील शुभेच्छा कितव्या नंबरची टाकू?" मग त्याने फॉर्म वाचला आणि पुढचे सहा निमूटपणे घेतले.

घरी येते तो माई दारातच उभी. चाळीच्या मालकीणबाई, बनूबाई, यांच्याकडे त्या दुपारी कुंदाचं केळवण होतं. पहाटेपासून त्यांची चूल पेटलेली होती.

"डोकं दुखतंय म्हणून कळवू का गं?"

"नको. येते म्हटलंय मी त्यांना."

मायलेकी गेल्या, तर बनूबाईंनी पाटाभोवती रांगोळी काढली होती. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, शेवयांची खीर.

"ये गो पोरी. नवरीचा तोंड असा कशाला उतरलाय?"

"बनूबाई, लग्न मोडलं माझं. पुढे नाही ढकललं. मोडलं."

बनूबाईंची पळी खिरीत तशीच राहिली. बाहेर कारखान्याचा भोंगा वाजला, थांबला. मग त्यांनी पळी भरून वाटीत ओतली.

"बस. जेव आधी."

जेवता जेवता त्यांनी हिरवा खण तिच्या पुढ्यात ठेवला. "यो काय आता परत पेटीन ठेवू? घे. शाळंन घालून जा."

"शाळेचा राजीनामा दिलाय मी. लग्नासाठी."

"मंग तो बी मोड! लगीन मोडतंय, तुझा राजीनामा काय काळ्या दगडावरची रेघ हाय?"

माईला एकदम हसू फुटलं आणि तिने तोंडाला पदर लावला. मग तो तिने बराच वेळ काढला नाही.

उद्या हेडमास्तरांना अर्ज द्यायचा, कुंदाने ठरवलं. अर्जाचं पहिलं वाक्य मनात जुळलंसुद्धा. बिरड्यात मीठ होतं की नव्हतं, तिला कळत नव्हतं. तिने दुसरी भाकरी मागून घेतली आणि ताट पुसून जेवली.