पायऱ्यांचा आवाज

"आता उतर," वेत्रोव म्हणाले.

आर्यन स्टँडच्या बत्तीस पायऱ्या धावत चढून वर हसत उभा होता. खाली क्लबची फिजिओ उल्का आयपॅड घेऊन थांबली होती. गुडघ्याच्या दुखापतीनंतर त्याच्या डाव्या पायाची ताकद मशीनवर उजव्याच्या चौऱ्याण्णव टक्के भरली होती, आणि नव्वदच्या वर खेळाडू फिट धरतात.

आर्काडी वेत्रोव एकेकाळी रशियाचे स्ट्रायकर. आता लंडनमधल्या हाउन्सलोच्या या छोट्या फुटबॉल क्लबचे डायरेक्टर. मशीनला ते मान देत, पण दुखापतीतून परतलेल्या प्रत्येकाला या पायऱ्या उतरायला लावत. स्वतः पाठ फिरवून उभे राहत आणि नुसतं ऐकत.

टक, टक, टक. उल्काला काही वेगळं जाणवलं नाही.

"शनिवारी नाही," वेत्रोव वळून म्हणाले.

"फायनल आहे, बॉस!" आर्यन चौतिशीचा, अशी फायनल पुन्हा कुठून येणार? तो उल्काकडे वळून मराठीत म्हणाला, "तू सांग ना यार त्याला! टेस्ट पास झालो ना मी? दुखणं थांबवायचं एक इंजेक्शन दे, दॅट्स इट."

"मराठी मला येत नाही," वेत्रोव म्हणाले, "पण इंजेक्शन मागणारा आवाज ओळखतो. मीही मागितलं होतं. त्या दिवशी दोन गोल केले. त्यानंतर एकही नाही."

उल्काने आर्यनला पुन्हा उतरायला लावलं आणि फोनवर रेकॉर्ड केलं. स्क्रीनवर दिसत होतं: डावा पाय टेकला की उजवा घाईने खाली येत होता. प्रत्येक पायरीवर. तिने पायाची ताकद मोजली होती. त्याचा त्या पायावर भरवसा उरलाय का, हे मोजायचं राहून गेलं होतं.

"त्यांचं बरोबर आहे, आर्यन. दुखतंय ना?"

आर्यन तिथंच पायरीवर बसला.

"गुडघ्याचं बाहेर बोलू नकोस," वेत्रोव जाताना तिला हळूच म्हणाले. "पुढच्या सीझनला कुणी त्याला घेणार नाही."

शनिवारी क्लब एका गोलने हरला. वेत्रोव नेहमीसारखे गेटवर उभे राहून घरी निघालेल्या प्रेक्षकांशी हात मिळवत होते.

"आर्यनला बाहेर का बसवलंस रे, रशियन? डोकं फिरलंय का?" एक प्रेक्षक ओरडला.

"माझा निर्णय. मला दुसरा बरा वाटला."

उल्का पुढे सरकली. त्यांनी नजरेनेच तिला थांबवलं.

तो माणूस हात न मिळवता निघून गेला. वेत्रोवांनी हात तसाच पुढे धरला, त्याच्या मागून येणाऱ्यासाठी.