सूर्यास्तानंतरची शून्ये

"आलास व्हय? ये, बघ तुझ्या काचंनं माझं काय केलंय ते," रंभाबाई म्हणाल्या. दारातली बाज त्यांनी पायाने बाजूला सारली, पण बस म्हणाल्या नाहीत.

कासार आंबोलीच्या पुढे, डोंगराच्या उतारावर त्यांची सहा घरांची वाडी आहे. वाडीच्या वरच्या अंगाला हैबतरावांची पत्र्याची शेड. ती त्यांनी पितळी नळ धुऊन चकचकीत करणाऱ्या एका कारखानदाराला भाड्याने दिली होती. पितळ ॲसिडमध्ये बुडवले की तांबूस धूर उठतो. तो हवेहून जड असतो, घाई न करता उतारावरून खाली येतो आणि घरांत शिरून बसतो. पौडच्या डॉक्टरांनी रंभाबाईंच्या छातीला नळी लावून सांगितले होते, हा धूर थांबवा, नाहीतर घर सोडा. घर सोडून जाण्यासारखी दुसरी जागा त्यांना नव्हती. म्हणून शेडला ग्रामपंचायतीचे ना-हरकत पत्र मिळू नये, एवढेच त्यांचे मागणे होते, आणि पुरावा म्हणून त्यांच्या छपरावर माझ्या चार काचा होत्या.

त्या काचा म्हणजे सौरघट. त्यांच्यावर केसाच्या हजाराव्या भागाइतक्या बारीक काड्यांचे एक रान उगवलेले असते. ऊन पडले की त्या रानातून वीज वाहते, आणि विषारी वायूचा स्पर्श झाला की ती मंदावते. चौथी काच हवाबंद. तिला केवळ ऊन कळते, म्हणून तिच्याशी ताडून पाहिले की ढगाची सावली कोणती आणि वायू कोणता, हे उमगते. बॅटरी नको, तार नको. पुण्यात, बावधनच्या भाड्याच्या खोलीत, माणसांना चुकवत काढलेल्या चार वर्षांत मला याहून सुंदर काही भेटले नव्हते.

चैत्रात काचांनी पाच वेळा वायूची नोंद केली. तेव्हा हैबतराव स्वतः वाडीत आले होते. मागे शेडची माणसे, आणि त्यांत हातात बादली घेतलेले नथूकाका, म्हणजे रंभाबाईंचे यजमान. ते शेडमध्येच कामाला होते.

"अहो शास्त्रज्ञ," हैबतराव म्हणाले, "चैतात समद्या मुळशीत राब भाजत्यात. शेण, पालापाचोळा पसरून पेटवल्याबिगर भाताचं रोप धरतं व्हय? का तुमच्या प्रयोगशाळंत उगवतंय?"

सगळे हसले. चारचौघांत स्वतःचे नाव सांगतानाही अडखळणारा मी त्या दिवशी मात्र न थांबता बोललो. राबाच्या धुराने वीज एवढी खाली जात नाही, हे पटवून देण्यासाठी मी काचेचे सारे अंतरंग त्यांच्यापुढे उघडले. ऊन हाच तिचा दिवा, ऊन हेच तिचे अन्न, असेही म्हणालो.

"म्हंजे रातचं तिला कायबी कळत न्हाई?" नथूकाकांनी विचारले.

"नाही. सूर्य मावळला की ती झोपते," मी सांगितले. त्या वाक्याचा मला अभिमान वाटला होता.

पुढच्या आठवड्यापासून नोंदी निर्मळ झाल्या. योगायोगाने राबही त्याच सुमारास आटोपले.

"दिवसा नळ धुवायचं बंद," रंभाबाई आता सांगत होत्या. खोकल्याने वाक्य मध्येच तुटत होते. "दिवं लागलं की सुरू. आदी धूर आला तर रानात तरी पळता येत हुतं. आता झोपंत कोंडून मारत्यात. ही अक्कल त्यांना कुनी दिली? सांग की, सायेब!"

"मीच सांगितलं मालकाला," ओट्यावरून नथूकाका म्हणाले. "काम बंद पडलं असतं तर हिचं औशद कुटनं आनलं असतं?"

"औशद नगं मला तुमचं. हवा द्या!"

ते उठून गेले. मी छपराकडे पाहिले. काचा उन्हात लखलखत होत्या आणि त्यांचे काहीही चुकलेले नव्हते.

अकराला ग्रामसभा होती. वाटेत आशालता मॅडमचा फोन आला. हा प्रयोग त्यांच्याच मार्गदर्शनाखाली चालला होता. मी त्यांना सारे सांगितले. त्या म्हणाल्या, "अमोघ, नोंदी आहेत तशा दे. रात्रीचा विषय काढू नकोस. एकदा यंत्रात उणीव दिसली की लोक सगळंच खोटं ठरवतात."

सभेत हैबतरावांनी माझ्याच नोंदींचा कागद हवेत धरला. ग्रामपंचायतीकडून मागून घेऊन त्यांनी तो आपल्या अर्जाला जोडला होता.

"राब संपलं, कागद साफ झाला. म्हंजे हुता तो राबच. हे ह्यांचं यंत्र म्हनतंय, मी न्हाई."

सरपंच सोनलताई माझ्याकडे वळल्या. "नोंदी बरोबर आहेत ना?"

'हो' म्हणून खाली बसता आले असते, आणि ते खोटेही ठरले नसते. मागच्या भिंतीपाशी रंभाबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. त्यांच्या नजरेत विनवणी नव्हती, नुसता राग होता. विनवणी असती तर मी कदाचित मान खाली घातली असती.

"दिवसाच्या बरोबर आहेत," मी म्हणालो.

"मोठ्यानं बोला की! का बायकूला सांगताय?" कोणीतरी ओरडले.

"दिवसाच्या बरोबर आहेत. सूर्यास्तानंतर कागदावर जी शून्ये आहेत, ती स्वच्छ हवेची नाहीत. तेव्हा यंत्र पाहतच नसते. हे मी वाडीत सांगितले, आणि त्यानंतर शेडचे काम रात्री सुरू झाले. चूक माझी आहे."

"म्हंजे यंत्र आंधळं?"

"रात्री, हो."

"आन असल्या आंधळ्याच्या साक्षीवर आमाला चोर ठरवाय निगाला हुता!" हैबतरावांनी मांडीवर थाप मारली. हशा पिकला. मॅडमचे शब्द अक्षरशः खरे होत होते.

सोनलताई हसल्या नाहीत. त्या हैबतरावांकडे वळल्या. "अण्णा, मग त्याच साक्षीवर तुम्हाला पत्र तरी कसं द्यायचं? अर्जाला हाच कागद जोडलाय तुम्ही. रात्रीची सरकारी मोजणी होऊ द्या. तोवर पत्र नाही, आणि तोवर दिवे लागल्यावर शेडला कुलूप."

हसू विरले. हैबतराव उठले, आणि जाता जाता रंभाबाईंसमोर थांबले.

"ऱ्हावा मग हवा खात. आजपासनं वाडीच्या बायांनी माझ्या हिरीवर पाऊल टाकायचं न्हाई."

वैशाख होता. वाडीला दुसरी विहीर नव्हती; होता तो दीड कोसावरचा ओढ्यातला डोह. सभा तशीच पांगली. या बाबतीत कोणीच बोलले नाही, सोनलताईही नाहीत. विहीर पंचायतीची नव्हती.

आता मोजणी सरकारी होणार होती, म्हणून दुपारी मी काचा काढायला पुन्हा वाडीत गेलो. नथूकाका ओट्यावर रिकाम्या हातांनी बसले होते. सभा उठली त्याच तासाला शेडच्या मालकाने त्यांना कामावरून काढून घरी पाठवले होते. मी छपरावर चढलो तरी त्यांनी वर पाहिले नाही.

"खरं बोललास," खालूनच ते म्हणाले. "पन तुला काय, तू जाशील आता पुन्याला."

खाली उतरलो तेव्हा रंभाबाई दोन हंडे घेऊन निघाल्या होत्या. मी एका हंड्याला हात घातला. त्यांनी तो हिसकावला.

"आज वाहशील. आन उद्या?"

उत्तर द्यायला मला एका श्वासाइतकाच अवधी होता. बोलण्याचे सारे बळ सकाळीच संपले असावे. किंवा बावधनची खोली, मॅडम, राहिलेला प्रबंध, हे सगळे त्या श्वासात उभे राहिले असावे. त्या थांबल्या, माझ्या तोंडाकडे नीट पाहिले, आणि उतरणीला लागल्या.

वळणापर्यंत त्या एकदाही खोकल्या नाहीत. मी मोजत होतो; आणखी एक शून्य.